दाराच्या मुठीचं भोक

बफेलो,
शुक्रवार, १४ मार्च

लाडक्या सेलेस्ट,

प्रभू तुला सुखात ठेवो. इथे अजून बर्फ आहे. उपासकाळातला शुक्रवार, म्हणून चर्चमधून तळलेले मासे आणले. पण घरभर पांढरी धूळ, तीच दाताखाली येत होती.

पप्पांनी भिंत दुरुस्त करायला घेतलीय. दारालगतच्या पॅसेजमधली, तीच. तू भांडून गेलीस तेव्हा दार भिंतीवर आपटलं आणि त्याची मूठ आत घुसली, ती. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या जिप्समच्या भिंती गुळगुळीत केल्या, त्याने घरातलं भोक मात्र कॅलेंडरने झाकून ठेवलं. "जिने पाडलं तीच बुजवील," म्हणायचे.

मागच्या महिन्यात कॅलेंडर काढून मलाच विचारलं, "लिओना, हे भोक कुणी गं पाडलं?"

मला वाटलं, टोमणा. तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता.

मी म्हटलं, "दाराने."

"मग स्टॉपर नको लावायला? घर आहे की गोठा?"

तेव्हापासून रोज तेच. पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची. मी दिवा भिंतीलगत तिरका धरते, म्हणजे उंचवटे दिसतात.

मी त्यांना म्हणते, "कॅझ, पुरे आता. छान झालंय."

"तुला काय कळतंय त्यातलं? लाइट नीट धर."

जास्त घासलं की पुट्टीखाली चिकटवलेली कागदी पट्टी उघडी पडते, तिची लव निघते. नवशिक्यांना ह्याच चुकीवरून किती झापायचे! आता गोंधळून माझ्याकडे बघतात, आणि पुन्हा पुट्टी.

काल म्हणाले, "सेलेस्ट शाळेतून आली की सांग, भिंत ओली आहे. हात लावू नको म्हणावं."

डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव माझ्याने लिहवत नाही. हसावं की रडावं, समजत नाही. भांडण विसरले, ह्याला क्षमा म्हणायचं का गं? शाळेत सिस्टरांनी क्षमेबद्दल इतकं शिकवलं, हे नाही शिकवलं.

ईस्टरला ये. चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायच्या टोपलीत ठेवायला लोण्याचं घडवलेलं कोकरू आण, त्यांना आवडतं. पण 'सॉरी' म्हणू नकोस. "कशाबद्दल?" विचारतील, आणि मग आपल्या दोघींपैकी कुणाला तरी सांगावं लागेल.

तुला डोळे मिटायला लावतील, तुझा हात भिंतीवरून फिरवतील, विचारतील, "हाताला लागतंय का काही?"

'नाही, पप्पा' म्हण. मीही रोज तेच म्हणते.

तिरका दिवा धरून उभी असलेली,
तुझी मम्मी