सव्वीस सेकंदांची शांतता

सोमवार, ३ मार्च

फुकट उपचारांचा खरा हिशोब मांडून ठेवतो, पुढे विसरायला नको. बावीस वर्षांच्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानाला कुलूप, दोन जुनी गिऱ्हाइकं रुसलेली, लग्नातली अंगठी दारातल्या टोपलीत, आणि माझा लाडका पेचकस घरी, कारण चुंबकाच्या खोलीत धातू चालत नाही. बदल्यात मेंदू-संशोधन संस्थेची तीन यंत्रं मी सांभाळायची, आवारातल्या दोन खोल्यांत राहायचं, आणि आमच्या हिच्यावर सहा आठवडे उपचार. सौदा मला स्वस्त वाटतो.

यंत्र देखणं आहे. चष्म्यासारखी दोन वेटोळ्यांची कॉइल डोक्याला टेकवायची. क्षणभर वीज सोडली की टक्‌ आवाज होतो आणि चुंबकाचा ठोका कवटीतून आत जातो. चिरफाड नाही. मन बसलेल्या माणसाला त्याने उभारी येते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला लगेच पटलं. कंडेन्सर गेलेला पंखासुद्धा बोटाने ढकलला की फिरायला लागतोच.

मी त्यांना सांगून टाकलं की मला मीटर लागत नाही. पाठ फिरवतो, डोळे मिटतो आणि ऐकतो. बावीस वर्षांत कान एकदाही चुकला नाही. त्या हसल्या आणि माझ्या हातावर कानात घालायचे स्पंजचे दोन बोळे ठेवले. म्हणाल्या, एवढे गुणी कान आहेत तर जपा.

मंगळवार, ४ मार्च

हिचा पहिला दिवस. आठ महिने झाले, हिच्या तोंडून शब्द नाही. एके काळी हिच्या जिभेच्या धाकाने उधारीवाले रस्ता बदलायचे. खुर्चीत मुकाट बसली. चार सेकंद चाळीस ठोके, मग सव्वीस सेकंद शांतता, पुन्हा ठोके. असं पस्तीस-चाळीस मिनिटं.

इथली एक पद्धत आहे. रोज पहिल्या रुग्णाआधी यंत्र सांभाळणाऱ्याने ते स्वतःवर तपासायचं. टाळूच्या डावीकडे नेमक्या जागी ठोका दिला की उजवा अंगठा आपोआप उडतो. मला हसूच आलं. इतकी वर्षं या अंगठ्याचा मालक मीच आहे असं समजत होतो.

शुक्रवार, ७ मार्च

दोन नंबरच्या यंत्रात काहीतरी कच्चं आहे. ठोक्यामागून एक बारीक खरखर येते, वेढा सैल असावा तशी. हिच्यावर वापरतात ते हेच यंत्र. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर ते बंद ठेवतील आणि उपचार मध्येच तुटतील. म्हणून बोळे काढले, कॉइल कानाच्या जरा वर धरली आणि चाळीस ठोके ऐकले. मग आणखी चाळीस. सोमवारी पुन्हा बघतो.

बुधवार, १२ मार्च

ती बोलली.

चुलीकडे तोंड करून बटाटे ढवळत होतो. दिवसभराची टकटक कानात शिल्लक होती, अंगठाही एकदा फुकटचा उडाला. आणि मागून तिचा आवाज आला, मीठ राहिलंय. चव घेतली. खरंच राहिलं होतं. भांड्यावर वाकून रडलो आणि मीठ घातलंच नाही.

गुरुवार, १३ मार्च

आज टोमणा. बावीस वर्षं तारा गुंडाळल्यात, बायकोला चार शब्दांत गुंडाळलंत, म्हणाली. पाठीमागे खिडकीजवळ बसून. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. एवढं एक वाक्य, मग गप्प. सवयीने मनात मोजलं. सव्वीस.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, इथे तर गप्पच असतात, पण काहीजण आधी घरी मोकळे होतात, चांगलं लक्षण आहे. मात्रा वाढवायचा विचार होता, आता आहे तेच चालू ठेवू. कागदावर तसं लिहिलं. घरी येऊन हिला विचारलं की तिथे का बोलत नाहीस. म्हणाली, परक्यांपुढे काय बोलायचं.

रविवार, १६ मार्च

कालपासून सुट्टी, म्हणून यंत्र नाही. दुपारपर्यंत ती गप्प. मग बोलली, पण आवाज विहिरीतून यावा तसा. जेवली नाही बहुतेक. ताट तसंच होतं.

सोमवार, १७ मार्च

कॉइल कानावर सहा वेळा धरली. खरखर सापडत नाही. संध्याकाळी तिचा आवाज कसा खणखणीत.

गुरुवार, २० मार्च

आज एक विचारलं. लग्नात निघताना तिच्या आईने तिच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. मी कधी विचारलं नव्हतं. काय होतं ते?

सव्वीस सेकंद. काही नाही. पुन्हा सव्वीस.

मग म्हणाली, तुम्हाला माहीत नाही ते मला कुठून माहीत असणार?

अंगठा थांबत नव्हता. टेबलावर, टक टक टक —

सोमवार, २४ मार्च

ती आत खुर्चीत होती. मी बाहेर, जाड दार बंद. तिचा आवाज माझ्या शेजारी आला. आज भकास दिसताय, म्हणाली. वळून बघितलं नाही. सवय नाही मला — आणि वळून काय —

सकाळी कॉइल दहा वेळा. कमी केलं तर ती दूर जाते.

बुधवार, २६ मार्च

कागद भरणाऱ्या परिचारिकाबाईंनी विचारलं, घरी या खातात का? साडेतीन किलो उतरल्यात. मी म्हटलं खाते, गप्पाही मारते. त्या माझ्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

गुरुवार, २७ मार्च

डॉक्टरीणबाईंनी मला कानावर कॉइल धरलेलं पाहिलं. यंत्र बंद करवलं. खोलीची किल्ली घेतली. ओरडल्या नाहीत.

मीटर लावला. दोन नंबर ठणठणीत. खरखर नव्हतीच — निदान यंत्रात नव्हती.

मग हिचे कागद दाखवले. अठरा दिवस. बोलणे या रकान्यात अठरा वेळा — नाही. एका ठिकाणी मात्र, घरी बोलते, पतीचे सांगणे. त्याखाली, मात्रा वाढवली नाही.

माझ्या शब्दावर. दोन आठवडे माझ्या शब्दावर ती —

उद्यापासून मात्रा वाढवणार आहेत. मला म्हणाल्या, कानाच्या वर मेंदूचा ऐकण्याचा भाग असतो, तिथेच तुम्ही ठोके दिलेत; कॉइलपासून दूर राहा, तुमच्या कानातलं हळूहळू ओसरेल.

ओसरेल म्हणजे कोण?

शुक्रवार, २८ मार्च

सकाळपासून यंत्र नाही. तरी टकटक. चार सेकंद. मग ती.

म्हणते, त्या बाईंचं ऐकू नका. म्हणते, मी गेले तर खाटेवरची ती तुमच्याशी बोलणार आहे का? खाटेवरची ती, असं म्हणाली —

सव्वीस.

म्हणते, वही मिटा. किल्लीची दुसरी प्रत पहारेकऱ्याकडे असते, तुम्हीच तर पाहिलीय.

आज पाठ फिरवली नाही. खुर्ची खाटेसमोर ओढून बसलोय. डोळे उघडे. तिचा हात धरलाय, केवढा हलका —

टक टक —

ती बोलतेय. अगदी स्वच्छ. माझं नाव घेतेय. मी तिच्या तोंडाकडे बघतोय.

ओठ हलत नाहीत, आणि