माझ्या हातात हत्यार होते

११ नोव्हेंबर, मंगळवार
दु. सव्वा वाजता दुकानावर दरोडा. अजून अक्षर वाकडं येतंय.
मी काउंटरमागे एसीचा पाइप आवळत होतो. दोघे हेल्मेट घालूनच आत आले. एकाने काउंटरवरच्या प्राजक्ताचे केस धरले, गळ्याला चॉपर लावला. दुसरा दागिन्यांचे ट्रे बॅगेत ओतत होता. पोरगी ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हातात चौदा इंची पाइप पाना. घातला चॉपरवाल्याच्या मनगटावर. चॉपर खाली. दोघे पळाले, बॅग टाकून. प्राजक्ताच्या मानेला टाके पडले, पण वाचली.
मॅनेजर दळवी सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, दुकान वाचवलंत." पेढा दिला.
घरी ही म्हणाली, "तुमका काय गरज होती मधी पडूची? सत्तरी इली, अक्कल खय गेली?" आणि रडत बसली.

१३ नोव्हें., गुरु.
मुख्य ऑफिसातून फॉर्म आला. चार पानं. सातवी शिकलेल्या माणसाला चार पानं! "घटनेच्या वेळी आपल्या हातात काय होते?" लिहिलं, माझे हत्यार होते. सही केली. एक तास गेला. चूक झाली तर नाही ना, म्हणून तीनदा वाचलं.

१५ नोव्हें., शनि.
डोकं फिरलंय. मुख्य ऑफिसातून एचआर बाई आल्या. माझ्या नातीच्या वयाच्या. "काका, नियम माहीत आहे ना? कामाच्या जागी वेपन अलाउड नाही. तुम्हीच लिहून दिलंय, हत्यार होतं म्हणून."
मी म्हटलं, बाई, हत्यार म्हणजे पाना. सव्वीस वर्षं गिरणीत फिटर होतो. पाना, छिन्नी, हातोडी, सगळ्याला हत्यारच म्हणायचो. दसऱ्याला त्यांनाच झेंडूचे हार घालायचो. सुताराला विचारा, गवंड्याला विचारा. दळवींना विचारा, त्यांचा बाप माझ्याच खात्यात होता!
दळवी छताकडे बघत बसले. पेढा देणारा हाच.
बाई म्हणाल्या, "पाना असला तरी प्रतिकार करायचाच नाही. मालाचा इन्शुरन्स असतो."
"आणि पोरीच्या मानेचा?"
"काका, आवाज खाली."
चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. पिशवीही दुकानातच ठेवून घेतली. माझी हत्यारं. आता हा शब्द लिहितानासुद्धा भीती वाटते.

१८ नोव्हें., मंगळ.
घरी बसून काय करायचं? नळ दुरुस्त केला, गळत नव्हता तरी. हिने ओरडून बाहेर काढलं.
संध्याकाळी कांबळे आला, दुकानाच्या दारावरचा. म्हणाला, "तात्या, माझी तर काठीपण काढून घेतलीय. गिऱ्हाइकांना भीती वाटते म्हणे. त्या दिवशी मीच त्या दोघांना हात जोडून वेलकम सर म्हटलं!" खूप हसलो दोघं. मग एकदम सुचलं. दारावरच्या रजिस्टरात हा रोज लिहितो, 'मिस्त्री, हत्यारांची पिशवी एक, आत'. चार वर्षं. खाली दळवींची सही. म्हणजे त्यांनीच मान्य केलं ना, हत्यार म्हणजे काय ते!
लगेच बाईंना फोन केला. "रजिस्टर मागवते," म्हणाल्या. आज झोप लागेल.

२० नोव्हें., गुरु.
कांबळेला नोटीस. रोज हत्यार आत सोडलं म्हणून! लिहिणारा अडकला, सही करणारा सुटला. दळवींना कोणी हात लावत नाही. हरामखोर. माझंच थोबाड फोडायला हवं होतं तो फोन करण्याआधी. कांबळेच्या पोरीचं कॉलेज चालू आहे.
कांबळेला फोन केला. "जाऊ दे तात्या, तुम्ही काय मुद्दाम केलं?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ नोव्हें., रवि.
प्राजक्ता आली होती, शीववरून बसने. गळ्याला ओढणी. चौकशीत साक्ष द्यायला तिलाही बोलावलंय. ही चहा करायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाली, "काका, कितीदा मारलं ते विचारतील. मी एकदाच म्हणणार."
मला वाटलं होतं कोणी बघितलं नाही. काउंटरमागे खांब आहे, तिथलं कॅमेऱ्यात येत नाही.
दोनदा मारलं. आजवर कुठे लिहिलं नाही, इथेही नाही. चॉपर खाली पडला होता. तो पाठ फिरवून पळत होता. दुसरा फटका खांद्यावर बसला, हाड वाजलं. तेव्हा पोरगी सुटली होती. तिच्यासाठी मारला असं म्हणता येणार नाही. त्याच्या पाठीवर कोणाकोणाचा राग काढला, देव जाणे. बरं वाटलं होतं.
हिने चहा आणला. प्राजक्ता हिला सांगत होती, "काकू, काकांमुळे जिवंत आहे मी."
मी बशीत बघत बसलो.

२४ नोव्हें., सोम.
चौकशी उद्या ११ ला. हिने शर्टाला इस्त्री केली. "एकदा मारलंय म्हणान सांगा आणि घराक येवा." म्हणजे हिने दाराआडून ऐकलं.
एकदा म्हटलं तर कदाचित मीही सुटेन, कांबळेही सुटेल. दोनदा म्हटलं तर माझ्यावरच पोलीस केस. आणि प्राजक्ताने एकदा म्हटलं, मी दोनदा, तर ती खोटी ठरणार, तिची नोकरी. हे सगळं त्या बाईंच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं?
राग येतो. सगळ्यांचा. त्या हेल्मेटवाल्याचा सुद्धा, की उलटून माझ्या अंगावर का नाही आला.
रा. ८ ला प्राजक्ताला फोन लावला. खरं तेच सांग, माझी काळजी करू नको, असं म्हणायचं होतं. पाठ करून ठेवलं होतं.
"बोला काका."
"जेवलीस का?"
"हो. तुम्ही?"
"बसतोय आता," म्हटलं. ती फोन ठेवेना, मीही ठेवेना. पाठ केलेलं पाठच राहिलं.