धुतलेला नमुना

सेक्टर २, भिलाई
१२ डिसेंबर १९८३

तीर्थस्वरूप भैय्याजी यांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे पुंडलिकाचा, नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? वहिनींचा दमा नागपूरच्या थंडीत वर येतो, त्यांना पहाटे अंगणात जाऊ देऊ नका. आम्ही इकडे कुशल आहोत असं लिहायची पद्धत आहे. मी कुशल आहे आणि वच्छलाही कुशल आहे. दोघं मिळून कसे आहोत, ते पुढे येईलच.

सोबतचं पार्सल उघडण्याआधी हे पत्र वाचा. जूनमध्ये तुम्ही कळवलं होतं की तुमच्या संस्थेचं संगणकयंत्र तुम्हाला काही रविवार वापरायला मिळालं आहे, आणि आपल्या विदर्भातून भिलाईला येऊन राहिलेल्या माणसांच्या मराठीचं काय झालं, हिंदी किती शिरली, जुने शब्द किती उरले, हे तुम्हाला त्याच्याकडून मोजून घ्यायचं आहे. त्यासाठी आमच्या मराठी मंडळाची हस्तलिखित वार्षिकं तुम्हाला बरी वाटली. एकवीस अंक आणि अकराशेच्या वर लेख. एवढे सगळे यंत्राच्या कार्डांवर उतरवणं शक्य नाही, म्हणून फक्त साठ. ते कसे काढायचे, तेही तुम्ही एका ओळीत लिहिलं होतं: पहिल्या अंकापासून मोजत जा, दर एकोणिसावा लेख घे, वाचू नकोस. (शेवटच्या दोन शब्दांखाली तुम्ही रेघ मारली होती. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता.)

मला हे समजलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही, कारण माझी नोकरीच ती आहे. मराठीत एम. ए. झालो आणि इथल्या पोलादाच्या कारखान्याने मला राजहऱ्याच्या खाणीतून येणाऱ्या लोहखनिजाचे नमुने काढायला लावलं. (त्या वर्षी कारखान्याला माणसं हवी होती, मराठी नको होती.) वॅगनवर गाठी मारलेली दोरी टाकायची आणि गाठ पडेल तिथला माल घमेल्यात घ्यायचा. माती आली तर माती. शेजारी चमकदार दगड असला तरी त्याला हात लावायचा नाही. आणि नमुना कधी धुवायचा नाही, कारण वॅगनमधला बाकीचा माल धुतलेला नसतो. नव्या मुलांना मी हे इतक्यांदा सांगितलं आहे की ती माझ्यामागे माझी नक्कल करतात.

पहिली अडचण मंडळाची आली. लेख काढायचे आहेत हे बाहेर गेलं, तेव्हा लोकांनी त्याला निवड म्हटलं, आणि निवड म्हटली की या गावाला एकच रीत माहीत आहे, क्वार्टर वाटपाची. सभा भरली. प्रत्येक सेक्टरला वाटा हवा, सीनियॉरिटी धरली पाहिजे, जे बदलून दुसऱ्या कारखान्यात गेले त्यांचे लेख रिकामे समजावेत, अशा सूचना आल्या. निवृत्त माणसाचा लेख किती महिने ठेवता येतो यावर तर बराच वेळ गेला. अध्यक्ष बाबाराव (मोठे अधिकारी आहेत आणि कविता करतात) मला बाजूला घेऊन मृदूपणे म्हणाले की मोजणी दुसऱ्या लेखापासून सुरू केली तर शास्त्राचं काय बिघडतं. मी घरी येऊन पाहिलं. दुसऱ्यापासून मोजलं की त्यांच्या कविता दोरीत येतात. चौथ्यापासून मोजलं की माझा निबंध येतो. तरी मी बधलो नाही. दोरी म्हणजे दोरी, असं मी सभेत सांगितलं आणि मला स्वतःविषयी बरं वाटलं. माणसाने त्याच दिवशी काम संपवून टाकावं.

मी संपवलं नाही. मी ते साठ लेख वाचले.

त्यांत तिळाच्या लाडवांची कृती होती. सत्यनारायणाच्या पूजेचे दोन वृत्तांत होते. क्रिकेटच्या सामन्याचं वर्णन होतं, ते निम्म्यावर हिंदीत गेलं होतं आणि परत आलं नव्हतं. हे नागपूरला जाणार, यंत्रात शिरणार आणि आमची मराठी म्हणून छापून येणार, याची मला लाज वाटली. एकोणिसावा अगदीच मातीचा निघाला तर मी विसावा घेऊ लागलो. शेजारचाच तर आहे, असं मनाला सांगितलं. विसावाही तसाच असला तर एकविसावा. वीस वर्षं ज्या चुकीबद्दल पोरांना रागावलो ती करताना ती चूक आहे असं वाटत नव्हतं. अभिरुची आहे असं वाटत होतं.

वच्छलाचा लेख मात्र बदलता येईना. तो बरोबर एकोणिसाव्या जागी होता. तिने आयुष्यात लिहिलेला तो एकच लेख, एकाहत्तर सालचा, आणि तो निघाला हे तिने क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीत सांगितलं होतं. तो तिच्या आईवर, भागाबाईंवर आहे. त्या वारल्या त्या वर्षी तिने तो लिहिला. भागाबाई आर्वीहून पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा संध्याकाळी कारखान्यात लोखंडाची तापलेली मळी ओतली गेली आणि आभाळ लाल झालं. आम्हाला त्याची सवय. त्यांना वाटलं गाव पेटलं. त्यांनी बादली उचलली आणि आम्हाला म्हणाल्या, "आग लागून राहिली अन् तुमी चहा पिऊन राहिले?" मग शेजारच्या इंजिनिअरसाहेबांना खुर्चीवरून उठवलं आणि त्यांच्या हातातही बादली दिली. पुढची दोन पानं नुसतं त्यांचं बोलणं आहे, शिव्यांसकट.

म्हणजे होतं. मी ते धुतलं. मूळ पानावरच, शाईने, कारण आता मी मंडळाचा संपादक आहे आणि हाताला सवय आहे. (एकाहत्तर साली नव्हतो, म्हणून तर तो लेख इतकी वर्षं जसाच्या तसा राहिला.) शिव्या गेल्या, बादलीवरचं बोलणं गेलं, आणि त्या वाक्याचं झालं: आग लागली असताना आपण चहापान करीत आहात? वाक्य चांगलं उतरलं असं मला वाटलं. मी खोडतो तेव्हा खालचं अक्षर दिसत नाही, हा माझा लौकिक आहे. मूळ लेखाची दुसरी प्रत नाही.

स्वच्छ प्रत मी तिला कौतुकाने वाचायला दिली. तिने वाचली, घडी घातली आणि परत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "दूध उतू जात असताना आपण वर्तमानपत्र वाचत आहात." मी हसलो. ती हसली नाही. तेव्हापासून आमच्या घरात भोजन सिद्ध होतं आणि आपण स्नान केव्हा करणार अशी पृच्छा होते. भाजीवाल्या तुळसाबाईशी ती छत्तीसगढीत भांडते, शेजारणीशी हिंदीत हसते, तिचा आवाज मला भिंतीतून ऐकू येतो. माझ्याशी मात्र छापील. पाहुणा आल्यासारखं वाटतं, आणि तो पाहुणा मी आहे.

भैय्याजी, बदललेले सगळे लेख मी परत जागच्या जागी ठेवले आहेत. लाडू आहेत, दोन्ही सत्यनारायण आहेत, क्रिकेटही आहे. हे एकोणसाठ तुम्ही निर्धास्त यंत्रात घाला. साठाव्याचं मला काही करता येत नाही. परवा मी तिला म्हटलं की आई काय काय बोलल्या ते सांग, मी कानामात्रा न बदलता लिहून घेतो. ती बसली, तिने खरोखर प्रयत्न केला असं मला वाटतं. मग म्हणाली, "आता स्मरत नाही. होतं ते त्या पानांवर होतं." हे ती रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

वहिनींना नमस्कार. पाठीला शेक चालू ठेवा.

तुमचा
पुंडलिक

ता. क. अडुसष्ट साली कोजागिरीला तुम्ही स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन आमच्याकडे आला होता, भुलाबाईची गाणी घ्यायला. त्या वेळी भागाबाई इथेच होत्या, आणि गाणी चालू असताना त्या मध्ये मध्ये सतत बोलत होत्या. टेप वाया गेली म्हणून तुम्ही जेवतानाही धुसफुसत होता. ती वाया गेलेली टेप तुमच्याकडे आहे का? असली तर मला पाठवू नका, वच्छलाच्या नावाने पाठवा. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. बाकीचं पार्सलवर चिठ्ठी लावूनही कळवता आलं असतं.

ता. क. २. त्या टेपवर नंतर तुम्ही दुसरं काही भरलं असेल, तर तसं कळवू नका. शोधतो आहे, असं लिहा.

ता. क. ३. पाकीट चिकटवायचं म्हणून भाताची शितं मागितली, तेव्हा वच्छला ती घेऊन दारात आली आणि म्हणाली, "पोस्टाची गाडी येऊन राहिली अन् तुमी अजून लिहूनच राहिले?" मी वर पाहिलं. ती थांबली. मग म्हणाली, "म्हणजे, टपालाची वेळ झाली असताना आपण लिहीत आहात." दोन्ही वाक्यं पडली तशी उचलली आहेत. साठावा लेख म्हणून पहिलं घ्या. दुसरं तिचं नाही, माझं आहे.