प्रसूती न करणाऱ्याने घातलेले टाके

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. (सध्या वाकता येत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला अजून शेजाऱ्यांना उठवतो का?

पत्रास कारण, मी भांडले आहे. हॉस्पिटलच्या बिलांवर शस्त्रक्रियांचे कोड घालणारी तुझी ही भाची सोमवारी चौकशीला उभी राहणार आहे आणि एकही आकडा बदलणार नाही.

झालं असं की, गुरुवारी दुपारी आमच्याकडे एक बाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये बाळंत झाली. सोबत फक्त वॉर्डातल्या मावशी (नेमणूक लादी पुसायला, पण बाईला कळा येताना पाहून बादली तिथेच टाकून तिच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरलेल्या). मूल त्यांनीच झेललं, ॲप्रनमध्ये गुंडाळलं. मग लिफ्ट हलली, दार उघडलं आणि मोठे डॉक्टर अवतरले. त्यांनी वार काढली, दोन टाके घातले आणि कागदावर ठोकून दिलं, 'पूर्ण प्रसूती'. अगं, आमच्या जाडजूड पुस्तकात अशा वेळेसाठी वेगळा कोड आहे, 'प्रसूती न करणाऱ्याने घातलेले टाके'. मी तोच घातला. (नऊ वर्षं त्या कोडावर माझा डोळा होता, हेही कबूल.) डॉक्टर तणतणत आले, "मग प्रसूती काय झाडूवालीने केली?" मी म्हटलं, "हो."

हा नुसता हट्ट नाही गं. 'कामाची जागा सोडली' म्हणून मावशींना नोटीस आली आहे, सोमवारची चौकशी त्याचीच. प्रसूती डॉक्टरांची ठरली, तर मावशी लिफ्टमध्ये काय हवा खायला गेल्या होत्या? त्यांची नोकरी माझ्या त्या एका कोडावर टिकून आहे. आमचे साहेब म्हणतात, कोड बदला नाहीतर घरी बसा. बसेन! मी तिथेच होते, सगळं पाहिलंय (मधूनमधून डोळे घट्ट मिटले होते, पण कान उघडे होते).

तुझी,
कोडवाली भाची

ता. क. रविवारपर्यंत येशील का? सोमवारी दोन तास बाळ सांभाळायला कोणीतरी हवं आहे.

आणखी एक ता. क. हो, ती बाई मीच (माझ्याच बिलावर कोड घातला, तोही खाटेवरून). तारीख पुढच्या महिन्याची होती, ठाऊक आहे. नोंद बरोबर होईपर्यंत कोणालाही कळवायचं नाही, असं ह्यांना मीच बजावलं होतं. मुलगी झाली. डॉक्टर दोनदा तिला घ्यायला हात पुढे करून आले, मी दिली नाही. नुसतं धरल्याबद्दलही पूर्ण प्रसूती लावतील.