तिच्या नावाचा वजिफा

मास्तर, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होत आली आणि तुम्हाला लिहायला मी आज बसलोय. एवढा उशीर मी एरवी फक्त संपादकांना करतो.

आपल्या राज्याच्या भाषेनुसार तीन वाटण्या झाल्या ते वर्ष. जामबागच्या आपल्या मराठी शाळेतले निम्मे शिक्षक औरंगाबादला जायचे अर्ज भरत होते आणि उरलेले निम्मे त्यांच्या खुर्च्यांकडे बघत होते. तुम्ही मात्र खिडकीपाशी उभे राहून ड्रॉइंगच्या वह्या तपासत होतात. तशात सरकारी पत्र आलं. मराठी शाळांतून इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्याला कुणी फिरकत नाही, तरी प्रत्येक शाळेनं एक नाव कळवावं, त्याला वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळेल. वर्गानं माझ्याकडे पाहिलं. आरसा असता तर मीही पाहिलं असतं. वकिलाचा मुलगा, गणितात पहिला. तुम्ही नाव घेतलंत ते नल्लकुंट्याच्या सुताराच्या मुलीचं, वर्गातल्या एकुलत्या एक मुलीचं. मी स्टाफरूमच्या दारात येऊन कारण विचारलं, तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुझ्या वडिलांची एक चिठ्ठी गेली की तुला कुठलंही कॉलेज घेईल. तिच्याकडे हा एकच कागद आहे. आणि रेघ तिची सरळ आहे. तुझी नुसती हुशार आहे."

घरी जाऊन मी लिहायला बसलो. जिन्याखालच्या भित्तिपत्रकात मुलांचे लेख लागायचे, खाली नाव घालायची पद्धत नव्हती, आणि त्या सवलतीवर माझं अख्खं साहित्य उभं आहे. विषय असा, की बाई इंजिनिअर झाल्या तर मुसी नदीवरचा पूल कसा होईल. कठड्याला तोरण, मधल्या कमानीत तुळशीवृंदावन, आणि संकष्टीला पुलाचा उपवास, म्हणून त्या दिवशी तो वजन घेणार नाही. नाव कुणाचंच नव्हतं. गरजही नव्हती.

स्नेहसंमेलनाला पालक आले. भिंतीपुढे गर्दी, हशा. मी जरा मागे उभा आहे, आणि धुतलेला सदरा घातलेला एक माणूस माझ्या खांद्याला हात लावतो. तिचे वडील. "बाबू, पोरीचं काही लिहिलंय म्हणतात. जरा पढून दाखव ना. माझं वाचणं फूटपट्टीवरच्या आकड्यांपुरतं." कौतुक छापून आलंय अशीच त्यांची समजूत होती. मला काहीही वाचता आलं असतं, मास्तर. शेजारी कुणाची तरी पावसावरची कविता होती. पण मी माझाच लेख वाचला, तोही आवाज काढून. तोरणापाशी तेही सगळ्यांबरोबर हसले, चार सभ्य माणसं हसतायत म्हणून. उपवासाशी आल्यावर त्यांनी मान वळवून मुलगी कुठे आहे ते पाहिलं. ती खांबाला टेकून उभी होती. "बस, बाबू. मेहरबानी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं नाव काढून घेतलं. तुम्ही तीन संध्याकाळी नल्लकुंट्याला गेलात. "मास्तर, शाळेची भिंत एवढी हसते, तर कॉलेज काय सोडेल? गल्लीतली पोरं आत्ताच पूलवाली म्हणायला लागलीत," हे त्यांचं उत्तर तुम्ही मला जसंच्या तसं ऐकवलंत, आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवलात. "मुदत आज संपते. कोरा गेला तर पुढच्या वर्षी आपल्या शाळेला कुणी विचारणार नाही. भर." मी मारासाठी गाल तयार ठेवला होता. तुम्ही टाक पुढे केलात. मी फॉर्म भरला. अक्षरही छान आलं.

डिप्लोमा मी रडतखडत केला. पूल एकही बांधला नाही, त्याबद्दल पुलावरून जाणाऱ्यांनी आभार मानावेत. मग हाच लिहिण्याचा धंदा धरला. सभांतून माझी ओळख निर्भीड म्हणून करून देतात. मंत्र्यांवर इतकं लिहिलं, पण ते एवढे उंच बसतात की त्यांना लागल्याचं कधी ऐकलं नाही. नेम लागला तो एकदाच, सतरा वर्षांच्या मुलीला, तिच्याच बापाच्या देखत.

उद्या आबिड्सच्या पोस्टात लेख टाकायला जायचंय. त्यात हे नसेल, आणि तुमचा पत्ता नाही हे कारण मी देणार नाही. फॉर्मवर सही केल्यावर तुम्ही विचारलं होतंत, "ती खांबाआड रडत होती, तेव्हा तू कुठे होतास?" पाणी प्यायला गेलो होतो, असं मी म्हणालो. नव्हतो गेलो. भिंतीपाशीच होतो. दोघंजण नवीन वाचायला आले होते, आणि ते नेमके कुठे हसतात ते मला बघायचं होतं.