लपवलेल्या दोघी

विद्यानगर, हैदराबाद
४ फेब्रुवारी

ती. सौ. नीलिमाताईस सा. न. वि. वि.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवरचं ऐकलेलं त्रिवेणी साऱ्या गल्लीला सांगते. पंधराला, रविवारी, पल्लवीला पाहायला इथल्याच कोठी भागातली मंडळी येताहेत. मुलगा हर्षवर्धन, बँकेत आहे. स्थळ सावित्रीबाईंनी आणलंय, मागच्याच गल्लीत राहतात त्या. त्रिवेणीचं तुला ठाऊकच आहे, चौतीस वर्षांची झाली तरी समज लहान पोरीची. पाहुण्यांना काय वाटेल, म्हणून त्या दिवशी तिला सावित्रीबाईंकडे ठेवतेय. त्या लगेच हौ म्हणाल्या. पल्लवीला सांगितलंय, ताईला तिथं जेवायला बोलावलंय.

आहे तसाच लोभ राहू दे.
तुझी धाकटी, भाग्यलक्ष्मी

पुणे
९ फेब्रुवारी

चि. सौ. भाग्यलक्ष्मीस अनेक आशीर्वाद.

भिंतीची ओल झाकायला कपाट सरकवावं, तशी पोटची मुलगी सरकवतेस? ती लहान पोर नाही गं, चौतीस वर्षांची बाई आहे. माझ्या ऑपरेशननंतर महिनाभर पाय दाबले ते तिनंच. आणि लग्नानंतर काय, दर सणाला सावित्रीबाईंकडे जेवण? आधी तिला विचार.

रागावलेय, तरी माया तीच.
नीलिमा

विद्यानगर, हैदराबाद
१६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

फजिती झाली. मी शिरा वाढत होते, तोच सावित्रीबाई त्रिवेणीला घेऊन दारात! तिच्या हातात हात घालून तिच्याच वयाची आणखी एक. घाबरून मी म्हणाले, सावित्रीबाईंकडच्या पाहुण्या दिसतात. मोठी टिकली लावलेल्या हर्षवर्धनच्या आईही घाईनं म्हणाल्या, त्यांच्याच असतील. मग त्रिवेणीनंच सगळ्यांना ओळख करून दिली, की मी हिची मुलगी, ही अपर्णा माझी मैत्रीण, ती मोठ्या टिकलीवाली अपर्णाची आई, आणि आज हिला पण लपवलंय.

दोन्ही घरांनी, एकमेकांच्या नकळत, सावित्रीबाईंनाच गळ घातली होती! बाईंनी दोन्ही गुपितं इमानानं पाळली. पण जेवता जेवता दोघींची गट्टी जमली, आणि तुझं घर दाखव म्हणून अपर्णानं हट्ट धरला. बाई म्हणतात, दोघी मिळून उठल्यावर नक्को कसं म्हणू?

त्रिवेणी माझ्याजवळ बसलीच नाही. ते फार लागलं गं.

पल्लवी उठून म्हणाली, बहिणीला लपवणाऱ्या घरात मी जाणार नाही. हर्षवर्धन म्हणाला, अशा घरची मुलगी मलाही करायची नाही. दोघांचं इतकं एकमत झालं, की लग्न तिथंच ठरलं!

साखरपुड्याला त्या दोघी पहिल्या रांगेत बसणार आहेत. आम्हा दोन आयांना बोलवायचं की नाही, ते विचार करून सांगतो म्हणाल्यात.

तोवर तुझा तरी लोभ असू दे.
भाग्यलक्ष्मी