नागशिळेचं पाणी

श्रीविजय नगरी,
ज्येष्ठ वद्य द्वादशी

चि. मेलूर हीस,
दामरचे आशीर्वाद. देतो आहे, पण रागाने देतो आहे.

हे पत्र भिक्षू शीलघोष लिहीत आहेत. मी सांगतो त्यातले निम्मे शब्द ते गाळतात. उरलेल्यांवरून काय ते ओळख.

आपले राजे म्हातारे दातू राजवाडा सोडून नदीच्या वरच्या अंगाला पळाले आणि त्यांच्या भाच्याने गादी घेतली. राजवाड्यात ज्याचं पाऊल पडतं त्या प्रत्येकाने आषाढी पौर्णिमेला नागशिळेवरून ओतलेलं शपथेचं पाणी नव्याने प्यायचं आहे. नावाडी, सुऱ्या करणारे, आणि आपण परीटसुद्धा. तुझं नाव पुकारलं तेव्हा मी हात जोडले आणि सांगितलं, मावशीकडे गेली आहे, येईल. अधिकारी म्हणाला, नाही आली तर तुझी बायकापोरं नव्या दातूंची गुलाम.

दंगलीत तू घाबरून पळालीस ते ठीक. पण म्हाताऱ्याचे धुवायला आलेले कपडेही बरोबर नेलेस? कपाळ माझं. पहिली होडी धर आणि नीघ.

तुझा (अजून तरी) भाऊ,
दामर

*

वरचा घाट,
आषाढ शुद्ध तृतीया

ति. दामरदादास,
मेलूरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रागही पोचला. दादा, मी येऊ कशी?

मागच्या वेळी तुम्ही सगळे ते पाणी प्यालात, तोंडं पुसलीत आणि भाताच्या पंगतीला पळालात. मी मागे राहिले आणि शिळेवरचं सगळं वाचलं. पाणी पिऊन जो दातूंवर उलटेल, किंवा उलटलेल्यांना जाऊन मिळेल, त्याचं पोट हेच पाणी आतून खाईल, असं तिथे कोरलं आहे. म्हातारे दातू जिवंत आहेत. त्यांचं पाणी पोटात असताना दुसऱ्याचं पाणी त्यावर कसं ओतू?

तूही त्यांचंच पाणी प्याला होतास. आणि भाच्याच्या माणसांना राजवाड्याचं धोबीघाटाकडचं दार तू उघडून दिलंस, असं इथे आलेला नावाडी सांगत होता. तेव्हापासून तुझ्या पोटात कळा येतात, असंही म्हणाला. मी टोमणा मारत नाही. मला झोप लागत नाही.

मी कपडे घेऊन म्हाताऱ्या दातूंकडे जाते आणि त्यांच्याकडूनच शपथेतून मोकळी होऊन येते. मग नव्याचं पाणी पिईन. पोरांना गुलाम म्हणू नकोस.

माया कमी झाली असेल, पण संपवू नये ही विनंती.
मेलूर

*

श्रीविजय नगरी,
आषाढ शुद्ध सप्तमी

मेलूर,
आशीर्वाद उरले नाहीत, म्हणून लिहिले नाहीत.

पोटातल्या कळा आंबवलेलं डुरियन फळ जास्त खाल्ल्याच्या आहेत. माझ्या पोटाची चौकशी नावाड्यांकडे करू नकोस.

आपल्या घराण्यात कुणाला अक्षर आलं नाही आणि कुणाचं पोटही असं विचार करत बसलं नाही. तू भिक्षूंकडे शिकायला बसायचीस तेव्हा तुझ्या वाटणीची वस्त्रं मी बडवत होतो. त्याचं हे फळ. दार उघडलं, होय. नसतं उघडलं तर घाटासकट जाळलं असतं आम्हाला. ते कुठल्या शिळेवर लिहिलं आहे का, बघ.

माझी धाकटी लेक विचारते, गुलामांना भात मिळतो की नुसता साबुदाणा. उत्तर तूच पाठव. पौर्णिमा तुझ्यासाठी थांबणार नाही.

दामर

*

वरची खाडी,
आषाढ शुद्ध त्रयोदशी

ति. दादास, शि. सा. न.

दातू भेटले. एका गळक्या तराफ्यावर राहतात. गाठोडं सोडून आधी जरीचा काठ पाहिला आणि रंग उतरला म्हणून माझ्यावर चिडले. मग विचारलं, तू कोण? इतकी वर्षं मी त्यांचे कपडे धुतले, दादा.

मी शपथेतून सोडवा म्हटलं तर ते हसायला लागले. तरुणपणी तेही त्याच शिळेचं पाणी प्याले होते, स्वतःच्या थोरल्या भावासाठी. नंतर त्यालाच हाकलून गादीवर बसले. मी घाबरत विचारलं, पोटाला काही झालं नाही? म्हणाले, काही नाही, चांगलं जेवलो, चांगला झोपलो. ती सगळी अक्षरं त्यानंतर त्यांनीच कोरून घेतली, पुढच्यांनी घाबरावं म्हणून.

तरी मला सोडलं मात्र नाही. म्हणाले, "सोडणार नाही. माझं म्हणायला आता तुझ्याशिवाय उरलंय कोण?"

त्यांना काही झालं नाही, म्हणून मलाही होणार नाही असं माझं मन मानत नाही. माझा शब्द माझाच आहे. पण पोरं आधी. मी येऊन पाणी पिते, मग पोटाचं व्हायचं ते होवो. या मासेवाल्याच्या होडीत पत्रापुरतीच जागा आहे. मला उद्या होडी मिळेल. अधिकाऱ्याच्या पाया पड आणि एक दिवस मागून घे.

मेलूर

*

श्रीविजय नगरी,
आषाढ वद्य प्रतिपदा

चि. मेलूर हीस, आशीर्वाद.

हे पत्र वाटेतल्या घाटावर तुला गाठेल, म्हणून घाईने लिहवतो. तुझं पत्र काल सकाळी आलं. एक दिवस मागितला, अधिकाऱ्याने दिला नाही.

भिक्षूंना घेऊन मी शिळेपाशी गेलो. म्हटलं, सगळं वाचा, एकही शब्द गाळू नका. मागच्या वेळी मी न ऐकता प्यालो होतो. या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. ऐकताना भिक्षूंच्या वस्त्राचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. हे वहिनीला सांगायचं नाही.

मग रांगेत उभा राहिलो. माझी वाटी प्यालो. अधिकाऱ्याला सांगितलं, बहीण मावशीकडेच तापाने पडली आहे, आजाऱ्याचं पाणी घरच्या कर्त्याने प्यायचं असतं. त्याने दुसरी वाटी भरली. तुझं नाव घेऊन तीही प्यालो. पाण्याला शेवाळाचा वास येतो.

आता तुला कुणाचंही पाणी प्यायचं नाही. पोरं समोर भातावरून भांडत आहेत.

माझा राग गेलेला नाही. आलीस की निदान दोन दिवस माझ्याशी बोलू नकोस.

दामर